रणकीर्तीतून उभी राहिलेली शाळा

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात १८८७ मध्ये ॲल्विन यॉर्क यांचा जन्म झाला. गरीब शेतकरी कुटुंबातील अकरा भावंडांत ते तिसरे. शेतीच्या कामांपुढे शिक्षण जेमतेमच झाले. १९११ मध्ये वडील निवर्तले आणि धाकट्या भावंडांचा भार त्यांच्यावर आला. मनुष्यहत्या ख्रिस्ती धर्माविरुद्ध मानणाऱ्या यॉर्क यांनी १९१७ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मागितली; ती नाकारली गेली. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधील आर्गॉनच्या रणभूमीवर त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह १३२ जर्मन सैनिक कैद केले. देशाचे सर्वोच्च शौर्यपदक त्यांना लाभले. त्या कीर्तीच्या बळावर निधी जमवून त्यांनी डोंगरातील मुलांसाठी जेम्सटाउन येथे शाळा उभारली. १९६४ मध्ये ते निवर्तले. स्वतःला न लाभलेले शिक्षण मात्र पुढच्या पिढ्यांच्या पदरी पडले.