कर्मवीर भाऊराव आणि मुठीचे दान

काल्याचे कीर्तन आटोपले म्हणजे हंडी फुटते आणि लाह्या, दही, पोहे जो तो वाटून खातो. तिथे कोणाची शिदोरी कोणती, हे कोणी विचारीत नाही. हा काला आपल्याला वर्षातून काही दिवस लाभतो. साताऱ्यात एका गृहस्थाने तो रोज दोन वेळा मांडला, आणि जेवायला बसविली ती खेड्यापाड्यांतली गरीब मुले. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. घराणे जैन, गळ्यात तुळशीची माळ नाही. मग त्यांचे चरित्र आपल्या मासिकात कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. गाडगेबाबांनी या माणसाला जिवाभावाचा मानला, आम्हांला तेवढे पुरे आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरकडील कुंभोज गावी झाला. अंगात रग लहानपणापासूनच. अस्पृश्यांना विहिरीचे पाणी भरू देत नाहीत हे पाहून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात. कोल्हापुरास शिकत असता अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, घरी येऊन शुद्धीची आंघोळ करायचे नाकारले, आणि राहते बोर्डिंग सुटले. शाळेत फारशी मजल गेली नाही. पुढे शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. त्या हिंडण्यातच कुणब्याची, महाराची, मांगाची, धनगराची पोरे शाळेवाचून कशी वाया जातात ते डोळ्यांनी पाहिले. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले. 1927 साली महात्मा गांधी तिथे येऊन गेले.

सर्व जातींची मुले तिथे एका पंगतीला बसत, आणि स्वयंपाकही तीच करीत. आजही काही गावांत हे सोपे नाही, मग त्या काळचे काय सांगावे! भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पण त्याच या साऱ्या पोरांची आई झाल्या. एकेक करून अंगावरचे दागिने गेले. एकदा भाऊराव गावी नव्हते आणि कोठीत दाणा उरला नव्हता, तेव्हा या माउलीने मंगळसूत्रही देऊन धान्य आणविले. 1930 साली त्या वारल्या. संस्थेच्या पायात पहिला चिरा त्यांचाच आहे, असे आमचे मत.

एकटीच्या सोन्यावर शेकडो पोटे किती दिवस भरणार? म्हणून मूठभर धान्याची रीत निघाली. बाईने दळायला बसण्याआधी एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे. मडके भरले की ते वसतिगृहाकडे जायचे. एका मुठीने कोणाचे घर बसत नाही, आणि शंभर घरच्या मुठींनी पंगत उठते. सावकाराच्या देणगीला पाटी लागते. या मुठीला पाटी नाही. कोणाच्या घरची ज्वारी कोणाच्या ताटात गेली, कुणाला कळणार?

पण खरी गोम पुढेच आहे. फुकट खाणाऱ्या पोराची मान खाली जाते. दिंडीत सुद्धा नुसते जेवायला येणारा आणि पखवाज वाहणारा यांत फरक असतोच की. भाऊरावांना मुलांची मान खाली गेलेली चालत नसे. म्हणून पोराने दळावे, झाडावे, पाणी भरावे, शेतात राबावे, आणि मग ताठ बसून जेवावे, अशी शिस्त त्यांनी घातली. घेणाऱ्यालाच त्यांनी देणारा केला. यात गरिबाचा जो मान राखला गेला, तो कोणत्याही अन्नछत्रात आम्हांला दिसला नाही.

पुढे गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, त्या शेकड्यांनी मोजाव्या लागतील. त्यांना मास्तर हवेत म्हणून 1935 साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. वसतिगृहात दुसऱ्यासाठी पाणी भरून वाढलेला पोरगाच मास्तर झाला, तर तो चिमुकल्यांना वाटून खाणे शिकवील. पुस्तकातल्या धड्याने ते व्हायचे नाही.

आता थोडे आपल्या घरचे. दिंडी गावात आली की आपण पीठ, भाकरी, चटणी देतोच. पण देतो ते आपल्या हाताने, आणि पोर दारात उभे राहून पाहते. पहिली-दुसरीतल्या पोराच्या हाती द्या की ती भाकरी! त्यालाच तांब्या घेऊन पाय दुखलेल्या म्हातारीकडे धाडा. थोडे सांडेल, सांडू द्या. शाळेतही डबा न आणलेल्या सोबत्याला घास द्यायचा तर तो गाजावाजा न करता, हे मास्तरांनी एकदा नीट समजावून द्यावे. दान घेणाऱ्या पोराला सगळ्या वर्गापुढे उभे करणे आम्हांला बिलकूल पसंत नाही.

1954 साली कऱ्हाडला रयतेचे महाविद्यालय निघाले, त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. बाबांना स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण कीर्तनातून ते आयुष्यभर लेकरे शिकवा म्हणून विनवीत राहिले. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबा गेले. मागोमाग 9 मे 1959 रोजी कर्मवीरही गेले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मभूषण दिले होते. समाधी साताऱ्यास आहे.