सर्पगंधेची मुळी जगापुढं नेणारे डॉ. रुस्तम वकील

बीपीची गोळी आज गावोगावी घेतली जाते. पण पंचाहत्तर वर्षांपूर्वी या दुखण्यावर डॉक्टरांच्या हाती भरवशाचं औषध नव्हतं. ती वाट दाखवली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, आणि तीही आपल्याच रानातल्या सर्पगंधेच्या जोरावर.

१९११ साली मुंबईत पारशी घरात त्यांचा जन्म झाला. लंडनला डॉक्टरकी शिकून ते परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. साप चावला, झोप उडाली, डोकं फिरलं की वैद्य ही मुळी द्यायचे. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातली रसायनं वेगळी काढली होती. वकिलांनी रोग्यांना मुळीचं औषध देऊन बीपीची नोंद ठेवली. १९४९ मध्ये ५० रोग्यांचा हिशोब इंग्लंडच्या हृदयरोग मासिकात छापून आला आणि जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतलं रेसरपिन सापडलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७४ मध्ये ते गेले.

पण मागणी वाढली तशी रानातली सर्पगंधा उपटली गेली. औषध मुळीतच, म्हणजे मुळी काढली की झाड संपलं. १९९० पासून तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. रानातली उपटण्यापेक्षा बांधाला लावलेली बरी. मात्र बीपीसाठी मुळी मनानं खाऊ नये; जास्त झाली तर बीपी एकदम खाली येतं, मन खचतं. डॉक्टरांना विचारूनच काय ते करावं.