वसईचे संत गोन्सालो गार्सिया

हिंजवडीच्या कचेऱ्यांत व चाकणच्या कारखान्यांत दिवसाचा मोठा भाग घालविणाऱ्या आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें, कीं श्रद्धेची साक्ष देणें हें धर्मगुरूंचें काम. आपण पडलों पोटामागें लागलेलीं माणसें. ज्यांस असें वाटतें त्यांनीं आपल्याच महाराष्ट्रांत जन्मलेल्या या संताचें चरित्र अवश्य ध्यानांत आणावें. ते धर्मगुरु नव्हते, आणि पोटाचा धंदा त्यांनींहि केला होता.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. वडील पोर्तुगीज होते, माता वसईची होती. वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाच्या गुरुजनांपाशीं त्यांचें शिक्षण झालें, व वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याच सोबतीनें ते जपानास गेले. तेथें कांहीं वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें आणि जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघांत आपणांस घ्यावें ही त्यांची मोठी इच्छा होती. परंतु ती पुरी झाली नाहीं.

मग त्यांनीं व्यापार धरला. धंद्यांत जम बसला, पूर्वेकडील बंदरांत ओळखी वाढल्या. तरी मन तेथें रमलें नाहीं. अखेर फिलिपाइन्समधील मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे धर्मबंधु म्हणून ते दाखल झाले.

१५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे निघाले. मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीनें १५८७ सालींच काढलेला होता. अशा दरबारांत दुभाष्याचें काम बंधु गोन्सालो यांजकडे आलें. दुभाष्यास स्वतःचें कांहीं बोलावयाचें नसतें. दुसऱ्याचा शब्द चोख पोंचवावयाचा असतो. व्यापार करणाऱ्या त्या मनुष्याची भाषा अशी देवाच्या कामीं आली. पुढें क्योतो येथें मठ उभा राहिला, आणि कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय निघालें.

१५९६ सालीं एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागलें व त्यावरून हिदेयोशीचा संशय भडकला. डिसेंबरांत धरपकड झाली. पकडलेल्यांत धर्मगुरु थोडे आणि प्रापंचिक जपानी ख्रिस्ती पुष्कळ होते. त्यांत एक मठाचा आचारी होता व एक वैद्य होता. शिपाई मत्तय नांवाच्या इसमास शोधीत आले, तेव्हां तो घरीं नव्हता. शेजारीं राहणारा दुसरा एक ख्रिस्ती मनुष्य त्याच नांवाचा होता. तो आपण होऊन पुढें झाला. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांस क्योतोंतून फिरविलें, आणि भर हिवाळ्यांत नागासाकीपर्यंत महिनाभर चालविलें. वाटेंत त्यांची सेवा करीत दोन माणसें मागोमाग येत होतीं, त्यांपैकीं एक सुतार होता. त्यांसहि बांधून घेतलें. चोविसांचे सव्वीस झाले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर हे सव्वीस जण क्रुसांवर चढविले गेले आणि भाल्यांनीं त्यांचा अंत झाला. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

प्रिय बंधुभगिनींनो, त्या सुतारास प्रवचन करतां येत होतें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. तो सोबत्यांस सोडून गेला नाहीं, एवढेंच जग जाणतें. आपल्या शेजारच्या मेजावर किंवा यंत्रावर काम करणारा कोणत्याहि धर्माचा असो, त्याच्या घरीं आजार आहे काय, त्याची नोकरी डळमळीत आहे काय, हें आपणांस ठाऊक असतें. मिस्सेच्या वेळीं त्याचें नांव मनांत घ्यावें. कामांत चोख असावें, कोणावर भीड घालूं नये. आणि त्यानें आपण होऊन आपल्या श्रद्धेविषयीं विचारिलें, तर मात्र लाजूं नये. संत गोन्सालो, आमच्यासाठीं व आमच्या सोबत्यांसाठीं विनंती करा.