आपलें दुखणें ओळखणारा पुरुष : क्लिफर्ड बीअर्स

अंगांत ताप भरला म्हणजे आई कपाळाला हात लावते आणि घरांत धावाधाव सुरू होते. परंतु मनाला ताप चढला म्हणजे तो कोणीं ओळखावा, आणि कसा? ज्या गृहस्थांनीं हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यांत सोडविला, त्यांची हकीकत विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं जाणून घेण्यासारखी आहे.

क्लिफर्ड बीअर्स यांचा जन्म अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं ता. ३० मार्च १८७६ रोजीं झाला. ते विद्यार्थी असतांना, १८९४ सालीं, त्यांच्या एका भावाला फेफऱ्याचे झटके येऊं लागले. तोच रोग आपणांसही जडणार, अशी भीति बीअर्स यांच्या मनांत शिरली. पण ती त्यांनीं कोणाजवळ बोलून दाखविली नाहीं. १८९७ सालीं येल विद्यापीठाची पदवी मिळाली, पुढें नोकरीही लागली. भीति मात्र आंतल्या आंत वाढतच गेली. अखेर जून १९०० मध्यें त्यांनीं जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवानें ते वाचले.

पुढचीं तीन वर्षें बहुतेक रुग्णालयांतच गेलीं. पहिलीं दोन वर्षें ते गाढ उदासीनतेंत बुडालेले होते. बोलणें जवळजवळ बंद झालें. भेटीस येणारे आप्त खरे नव्हेत, ते सोंग घेतलेले गुप्त पोलीस आहेत, असा भ्रम त्यांना झाला होता. १९०२ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं एक युक्ति योजिली. आपले बंधु जॉर्ज यांस गुपचूप पत्र धाडून, भेटीस येतांना तेंच पत्र बरोबर आणावें, असें कळविलें. ता. ३० रोजीं जॉर्ज तें पत्र घेऊन आले, आणि भ्रमाचा पडदा त्या क्षणींच फाटला.

आतां सर्व ठीक झालें, असें कोणासही वाटलें असतें. परंतु दुखण्यानें केवळ कूस बदलली होती. मुका झालेला मनुष्य अखंड बोलूं लागला, कागदाच्या लांबच लांब पट्ट्या लिहून काढूं लागला, जगांतील सर्व वेड्यांचीं इस्पितळें सुधारण्याचे बेत रचूं लागला. या भरांत नोकरांशीं खटके उडाले. मारहाण, हात जखडणारा अंगरखा आणि थंडगार कोठडी त्यांच्या वांट्यास आली. सप्टेंबर १९०३ मध्यें त्यांची सुटका झाली.

त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठा प्रसंग यापुढचा होय. १९०५ च्या आरंभीं त्यांच्या लेखणीला व उत्साहाला पुन्हां भरती आली. बाहेरून पाहणारास हा आनंदच वाटला असता. पण जॉर्जनें तो ओळखला आणि प्रेमानें तसें सांगितलें. बीअर्स रागावले नाहींत. ज्या रुग्णालयांत पूर्वीं हाल सोसले होते, तेथेंच ते आपल्या पायांनीं गेले आणि थोड्याच आठवड्यांत बरे होऊन परतले.

१९०८ सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं कनेक्टिकट राज्यांत, व १९०९ सालीं साऱ्या देशाकरितां, मानसिक आरोग्याची संस्था त्यांनीं उभी केली. १९३९ मध्यें आजार बळावल्यावर ते पुन्हां रुग्णालयांत राहिले. तेथेंच १९४३ सालीं त्यांचें निधन झालें.

आज डॉक्टर ज्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात, त्या विकाराशीं हीं लक्षणें जुळतात. तो पुष्कळदां ऐन तारुण्यांत सुरू होतो. कधीं आठवडेच्या आठवडे उदासी, कशांतही मन न लागणें, मरणाचे विचार. तर कधीं कित्येक दिवस झोपेवांचून थकवा न येणें, भरधाव बोलणें, अचाट बेत, उधळपट्टी व चिडखोरपणा. पहिल्या अवस्थेनें घर घाबरतें. दुसरीला मात्र हुशारी समजून घर फसतें. बीअर्स यांच्या काळीं खात्रीचें औषध नव्हतें. १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. जॉन केड यांनीं लिथियमचा गुण दाखवून दिला. आज उपचारानें पुष्कळ रोगी आपला संसार व धंदा नीट चालवितात. आपल्या देशांत १४४१६ या क्रमांकावर सरकारी टेलिमानस सेवा रात्रंदिवस फुकट सल्ला देते.

म्हणून मुलांनो, मनांतील भीति लपवूं नका. आईबापांस किंवा शिक्षकांस सांगा. आणि आईबापांनो, मूल बदललेलें दिसलें तर त्यास दोष न देतां डॉक्टरांकडे न्या. क्लिफर्डला जॉर्ज भेटला; आपल्या मुलाचा जॉर्ज आपण व्हावें.