डोंबिवली स्टेशनाचं नाव आकड्याला देणारे कापरेकर मास्तर

नवी मुंबईहून महापे-शिळफाटा करत पुढं गेलं की डोंबिवली लागते. लोकलच्या गर्दीसाठी सगळ्यांना माहीत. पण याच स्टेशनाच्या नावावरून आकड्यांची एक जात जगभर ओळखली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांनी.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली गणितातलं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढची मोठी पदवी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत मास्तरकी केली.

आता मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. ११ गुणिले ११ करा, १२१ येतील. १११ गुणिले १११ केले तर १२३२१. असं करत नऊ वेळा १ लिहून त्याला त्यानंच गुणलं, तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या! नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते, उलटी वाचली तरी तीच. यातल्या सगळ्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊ नव्वे. दहा वेळा १ घेतले की हातचा येतो आणि ही चढउतार मोडते. अशा संख्यांचा विचार त्यांना जी.आय.पी. रेल्वेच्या देम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनात सुचला, म्हणून त्यांनी नाव दिलं देम्लो संख्या.

त्यांचा ६१७४ तर त्याहून गाजला. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. मोठ्यापासून लहान असे मांडा, त्यातून उलटी मांडणी वजा करा. आलेल्या उत्तराचं परत तसंच करा. ४३२१ वजा १२३४ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. सात फेऱ्यांच्या आत ६१७४ येणारच. मधे शून्य आला तर तोही धरायचा, एवढंच.

त्या काळी आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी हे काम किरकोळ समजलं. मास्तरांनी पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या, परिषदांना जाऊन आपलं म्हणणं मांडलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं. तेव्हा मास्तर सत्तरीत होते. १९८६ साली ते वारले.

कामाचा मान मिळायला एवढी वर्षं लागली, पण वही-पेन्सिल त्यांनी खाली ठेवली नाही. आपल्या झेडपी शाळेतल्या पोराला गणिताची भीती वाटत असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर हे चार अंक त्याच्यासमोर मांडा. वजाबाकी त्यालाच करू द्या.