यशवंतराव चव्हाण : दोन महासत्तांच्या मध्ये

सह्याद्री हिमालयाच्या साहाय्यास धावला, हे वर्णन मराठी माणसाला इतके पाठ झाले आहे, की त्या प्रसंगाची जागतिक बाजू दृष्टीआडच राहिली. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मलेले, कऱ्हाडला आईच्या कष्टांवर शिकलेले आणि पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेले यशवंतराव २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्री झाले. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. आणि आदल्याच दिवशी केनेडींनी क्यूबाभोवतीची नाकेबंदी उठविली होती.

क्यूबाचा पेच धाकाइतकाच देवघेवीने सुटला. २८ ऑक्टोबरला क्रुश्चॉव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे मान्य केले. क्यूबावर स्वारी न करण्याचे आश्वासन अमेरिकेने उघडपणे दिले, तुर्कस्तानातील स्वतःची क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे मात्र गुप्तपणे. पुढील वर्षी मॉस्को-वॉशिंग्टन थेट संदेशवाहिनी सुरू झाली आणि अंशतः अणुचाचणीबंदीचा करारही झाला.

या सैलावलेल्या हवेत चव्हाणांना दोन्हीकडे जाता आले. मे १९६४ मध्ये ते शस्त्रसाहाय्यासाठी अमेरिकेत होते. नेहरूंच्या निधनाची वार्ता त्यांना तेथेच कळली. सप्टेंबरात ते मॉस्कोस गेले. अमेरिकेने न दिलेल्या स्वनातीत विमानांची उणीव मिग विमानांनी भरून निघाली. एका दारी जाताना दुसरे दार बंद होऊ न देण्याची ही हातोटी द्वैभाषिक मुंबई राज्य चालविताना त्यांच्या अंगी बाणली असावी, असे मला वाटते. त्याच ऑक्टोबरच्या १६ तारखेस चीनने अणुस्फोट केला. आपणही बॉम्ब करावा, ही मागणी देशात जोराने झाली. शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळाने ती मानली नाही.

परंतु त्यांची खरी कसोटी ताश्कंदला लागली. मध्यस्थ कोसिगिन होते, आणि अमेरिकेचीही या मध्यस्थीस संमती होती. १० जानेवारी १९६६ च्या करारानुसार दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतावयाचे ठरले. म्हणजे जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड सोडणे आले. केनेडींना सौद्याचा अप्रिय भाग लपविता आला होता. खिंड कोण लपविणार? त्याच रात्री शास्त्रीजी गेले. २५ फेब्रुवारीच्या मुदतीपर्यंत सैन्य मागे घ्यावयाचे होते, आणि ते घेण्याचे काम संरक्षणमंत्री म्हणून चव्हाणांकडेच राहिले.