रॉबर्टो क्लेमेंटे : फक्त ३८ हिट मारलेला मुलगा



आज आपण ज्या खेळाडूची ओळख करून घेणार आहोत, त्याचा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. तो खेळ म्हणजे बेसबॉल आणि खेळाडूचं नाव रॉबर्टो क्लेमेंटे. पण घाबरू नका, क्रिकेट येणाऱ्याला ही गोष्ट सहज समजेल. बेसबॉलमध्ये मैदानाच्या लांबच्या भागात तीन क्षेत्ररक्षक उभे असतात, आपल्या सीमारेषेजवळच्या क्षेत्ररक्षकासारखे. त्यांना आऊटफिल्डर म्हणतात. क्लेमेंटे हा उजव्या बाजूचा आऊटफिल्डर होता.

त्याचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी पोर्तो रिको या बेटावरच्या कॅरोलिना गावात झाला. सात भावंडांत हा शेंडेफळ. वडील मेल्चोर उसाच्या शेतावर मुकादम होते. घरी खेळाचं सामान कुठलं असणार? पेरूच्या फांदीची बॅट आणि चिंध्यांचा चेंडू, यावर त्याचा सराव चाले. शाळेत तो भालाफेक करायचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्या खांद्याच्या ताकदीचाच बोलबाला होणार आहे.

अठरा वर्षांचा असतानाच तो बेटावरच्या सान्तुर्से या संघात खेळू लागला. तिथे अमेरिकेतल्या ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या संघाच्या माणसांनी त्याला हेरलं. खेळाडू शोधत फिरणाऱ्या अशा माणसाला स्काऊट म्हणतात. बेसबॉलचा स्काऊट पोरामध्ये पाच गोष्टी बघतो: चेंडू नेमका मारता येतो का, लांब मारता येतो का, पळतो कसा, चेंडू अडवतो-झेलतो कसा आणि फेकतो कसा. फेब्रुवारी १९५४ मध्ये डॉजर्सने १० हजार डॉलर बोनस आणि ५ हजार डॉलर वार्षिक पगार देऊन त्याला करारबद्ध केलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या काळी एक नियम होता. नव्या मुलाला बोनस आणि पगार मिळून ४ हजार डॉलरपेक्षा जास्त दिले, तर त्याला मुख्य संघात ठेवायचं. खालच्या संघात पाठवलं, तर हंगाम संपल्यावर दुसरा कोणताही संघ ४ हजार डॉलर भरून त्याला घेऊन जाऊ शके. श्रीमंत संघांनी चांगली मुलं विकत घेऊन नुसती साठवून ठेवू नयेत म्हणून हा नियम. डॉजर्सने तरीही त्याला मॉन्ट्रियल रॉयल्सकडे पाठवलं. हा मायनर लीगचा संघ, म्हणजे मोठ्या लीगच्या खालची पायरी.

आता वह्या काढा आणि एक गणित करा बरं. मॉन्ट्रियलकडून तो ८७ सामने खेळला, पण फलंदाजीच्या संधी मिळाल्या फक्त १४८. म्हणजे सामन्यामागे दोनसुद्धा नाहीत! नियमित खेळणाऱ्याला एका सामन्यात साधारण चार मिळतात. त्या १४८ संधींत त्याने ३८ हिट मारले. ३८ भागिले १४८ केलं की येतं ०.२५७, हीच त्याची सरासरी. होम रन दोन. हा आकडा वाईट नाही, पण कोणी धावत येऊन या मुलाला उचलावं असाही नाही.

दुसऱ्या संघांच्या नजरेस पडू नये म्हणून डॉजर्सने त्याला मुद्दाम लपवलं, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. पुढे अभ्यासकांनी एकेका सामन्याच्या नोंदी तपासल्या. तेव्हा दिसलं, की हंगामाच्या उत्तरार्धात समोर डावखुरा पिचर असला की त्याला खेळवलं जात होतं. त्यामुळे मला स्वतःला ही लपवाछपवीची गोष्ट पुरती पटत नाही. विशीतल्या नवख्या मुलाला कमी खेळवणं हे तर सगळीकडेच होतं, आपल्या तालुक्याच्या संघातसुद्धा.

त्याच हंगामात पिट्सबर्ग पायरेट्सचा क्लाइड सुकफोर्थ मॉन्ट्रियलचा सामना बघायला आला. तो आला होता जो ब्लॅक नावाच्या पिचरसाठी. पण सामन्याआधीच्या सरावात त्याने क्लेमेंटेची फेक पाहिली आणि तो पिचरला विसरूनच गेला. सामन्यात मुलगा खेळला किती, मारले किती, याची त्याला फारशी गरजच उरली नाही. सराव बघूनच त्याने मत बनवलं. सुकफोर्थ साधासुधा माणूस नव्हता. गोऱ्यांच्या मोठ्या लीगचं दार उघडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला १९४५ मध्ये ब्रँच रिकीकडे घेऊन जाणारा हाच. आणि आता रिकी पिट्सबर्गचाच कारभार बघत होता.

पिट्सबर्ग त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये तळाला होता. १५४ सामन्यांपैकी १०१ हरलेला! निवडीत पहिला मान त्यांना मिळाला आणि २२ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांनी ४ हजार डॉलरला क्लेमेंटे घेतला.

लगेच चमत्कार झाला का? मुळीच नाही. त्याच हिवाळ्यात त्याच्या गाडीला अपघात झाला आणि पाठीचं दुखणं कायमचं मागे लागलं. रिकीने त्याला खेळताना पाहिलं आणि टिपण लिहिलं. फेक सुरेख, फलंदाजीची ढब उत्तम, पण धावण्याची पद्धत वाईट आणि १९५५ मध्ये संघाला याचा उपयोग होणार नाही, असा त्याचा सूर होता. पण नियमाप्रमाणे त्याला वर्षभर मुख्य संघात ठेवणं भाग होतं. पहिल्या वर्षी सरासरी आली ०.२५५. म्हणजे त्या वर्षापुरतं रिकीचं खरं होतं आणि सुकफोर्थचं खरं ठरायला अजून पाच वर्षं लागणार होती!

ती वर्षं सोपी नव्हती. फ्लोरिडात सरावाच्या दिवसांत गोरे खेळाडू हॉटेलात जेवायचे आणि काळे खेळाडू बाहेर बसमध्ये थांबायचे. क्लेमेंटेला हे कधीच मानवलं नाही. पत्रकार त्याचं नाव परस्पर बदलून बॉब करायचे, तेही त्याला खपायचं नाही. पाठ दुखते म्हटलं की तो कांगावा करतो अशी बोलणी व्हायची.

१९६० मध्ये त्याची सरासरी ०.३१४ झाली आणि तळाच्या पिट्सबर्गने यँकीज संघाला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ अशी चार वर्षं तो लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्याला सलग १२ वर्षं मिळाला. उजव्या कोपऱ्यातून त्याचा चेंडू सुटला की पळणारा फलंदाज जागच्या जागी थबकायचा. १९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने कारकिर्दीतला ३००० वा हिट मारला. डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्याने पोर्तो रिकोत मदत गोळा केली आणि ती लोकांपर्यंत नीट पोहोचावी म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री स्वतः विमानात बसला. प्रमाणाबाहेर सामान भरलेलं ते जुनं विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडला नाही. तो फक्त ३८ वर्षांचा होता.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव यायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. त्याच्यासाठी ती अट बाजूला ठेवली गेली आणि १९७३ मध्ये हा मान मिळवणारा तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू ठरला. त्याच्या नावापुढे आजही बरोबर ३००० हिट लिहिलेले आहेत. मॉन्ट्रियलचे ते ३८ हिट त्यात नाहीत. मायनर लीगची नोंदवही वेगळी असते.